काजळीचे चित्र

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना एव्हाना ठाऊक झाले आहे, की चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाचा जन्म शब्दांची उसनवारी फेडण्यातच जातो. रंगांच्या पेठेकडे वळायला त्याला सवड कुठली? तरीही यंदा मी एक चित्र विकत घेतले. तेही भर पितृपंधरवड्यात, आणि तेही काळेपांढरे.

या गुन्ह्यांची चौकशी आमच्या ठाण्याच्या घरी दारातच झाली.

"अहो, पंधरवड्यात कुणी नवी वस्तू घरात आणतं का?" सौभाग्यवती म्हणाल्या. मग वरचा कागद सोडून पाहिल्यावर, "आणि आणली ती ही अशी?"

नववीतली कन्या मान तिरकी करून म्हणाली, "बाबा, प्रिंटरमधली रंगीत शाई संपली होती का?"

आई मात्र काहीच बोलली नाही. ती चष्मा आणायला आत गेली.

चित्राची हकीकत अशी. ते काढणारा मुलगा एके काळी माझा विद्यार्थी होता. शेवटच्या बाकावर बसे आणि व्याख्यानाची टिपणे घेण्याऐवजी व्याख्यात्याचे चित्र काढी. एकदा मी त्याची वही मागून घेतली. चित्र हुबेहूब होते. टिपणाचा मात्र एक शब्दही नव्हता. "अरे, मग तू इथे काय करतो आहेस?" असे मी त्याला विचारले. रागाने नव्हे, खरोखरच विचारले. पुढच्या वर्षी तो कला महाविद्यालयात गेला. नायगावची आमची चाळ रिकामी करायची वेळ आली, तेव्हा त्याचा निरोप आला, "सर, पाडायच्या आधी मला एकदा तुमच्या गच्चीवर न्याल का?" मी नेले. सकाळी सात ते अकरा तो कठड्याला टेकून रेघा ओढत होता. मी वर्तमानपत्र संपवले, शब्दकोडे सोडवले आणि उन्हाला कंटाळून खाली आलो. त्या सकाळीचे हे चित्र. लिथोग्राफ, जुन्या मराठीत सांगायचे तर शिळाछाप.

चित्रात अगदी पुढे आमच्या गच्चीचा कठडा आहे. त्यावर एक दोरी आणि दोरीवर तीन कपडे. मग चाळींच्या सपाट गच्च्या, एकीमागे एक. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना. त्यापलीकडे गिरणीची एक चिमणी. आणि तिच्या पाठीमागे, तिला करंगळीएवढी करून टाकणारे नवे मनोरे आणि त्यांच्या डोक्यावरच्या क्रेनी. सारे काळ्यात. आकाश तेवढे करडे, जात्याभोवती सांडलेल्या पिठासारखे रवाळ. माणूस एकही नाही.

आईने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, "माणसं कुठे गेली?" आणि दुसरा, "यात आपली खोली कुठे आहे?"

पहिल्याचे उत्तर मला आले नाही. दुसऱ्याचे सोपे होते. "आई, हे आपल्याच गच्चीवरून काढलंय. खोली पायाखाली आहे. ती कशी दिसेल?"

"असं होय," ती म्हणाली. पण तिचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसले.

त्या खोलीत ती १९७५ साली लग्न होऊन आली आणि इमारत रिकामी होईपर्यंत राहिली. नायगावच्या बी.डी.डी. चाळी मुंबईकरांना सांगायला नकोत, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन शब्द. १९२० साली मुंबई सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचे खाते उघडले. त्याची तीन इंग्रजी आद्याक्षरे म्हणजे हे बी.डी.डी.; ती कसली, हे चाळीत जन्म काढलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या, त्यांतल्या ४२ नायगावात. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. बांधणी काँक्रीटची. त्या काळात ती नवलाईची होती.

आता प्राध्यापकाला उत्तर आले नाही की तो ग्रंथालयात जातो. मीही गेलो. माणसे कुठे गेली ते तिथे सापडले नाही, पण दुसरे बरेच सापडले.

शिळाछापाचा शोध बव्हेरियातल्या आलॉइस झेनेफेल्डर नावाच्या गृहस्थाने लावला. हा नाटके लिहीत असे. ती छापायला पैसा नव्हता, म्हणून घरच्या घरी स्वस्तात छापण्याची खटपट चालली होती. १७९६ च्या सुमारास एके दिवशी आईने त्याला परटिणीकडे द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली. हाताशी कागद नव्हता. घासून ठेवलेला चुनखडीचा दगड होता, मेणाची शाई होती. त्याने यादी दगडावरच लिहिली, आणि पुसण्यापूर्वी त्याला वाटले, याच्यावरून छापता आले तर? दोनएक वर्षांत ती विद्या सिद्ध झाली. जगभरच्या चित्रकारांनी पुढे ज्या विद्येचा एवढा बडिवार केला, तिचा उगम कपड्यांच्या यादीत आहे, हे वाचून मला फार बरे वाटले.

ही विद्या मुंबईला यायला उशीर लागला नाही. झोझे गोन्साल्विस या गोमंतकीय मानल्या जाणाऱ्या चित्रकाराने १८२६ सालीच मुंबईच्या देखाव्यांचे शिळाछाप प्रसिद्ध केले. म्हणजे या शहराची चित्रे दगडावरून कागदावर उतरू लागली त्याला दोनशे वर्षे होत आली. पुढे १८३१ साली गणपत कृष्णाजींनी आपल्या शिळाछापखान्यात मराठी पंचांग छापले. छापायच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्याची माणसे छापील पोथीला शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. आणि १८९४ साली राजा रविवर्म्याने गिरगावात छापखाना घातला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर चढल्या. त्याही दगडावरच्याच. फरक इतकाच, की तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. लक्ष्मीच्या साडीचा दगड निराळा, कमळाचा निराळा.

मग ज्यांना रंगांचे दगड परवडत होते, त्यांनी पुढे एकाच काळ्या दगडावर शहर का काढावे? तेही ग्रंथालयात थोडेफार उमगले. नायगावात चाळींचे काँक्रीट ओतले जात होते, त्याच सुमारास अमेरिकेत लुई लोझोविक नावाचा चित्रकार न्यूयॉर्क शहर दगडावर काढत होता. हा जन्माने युक्रेनचा. लहानपणीच अमेरिकेला गेलेला. त्याच्या चित्रांत पूल, गगनचुंबी इमारती, लोखंडी कमानी, सगळे धारदार आणि काळेपांढरे. यंत्रयुगाचा सांगाडा दाखवायचा तर रंगांची आडकाठी कशाला, असा तो काळ होता. माणसे त्याच्याही चित्रांत बहुधा नसतात. उलट आमच्या ठाण्यातच वर्षानुवर्षे राहिलेले सुधीर पटवर्धन. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ, दिवसभर काळेपांढरे पाहायचे आणि रंगवायचे ते रंगीत, माणसांनी भरलेले शहर. त्यांनी 'लोअर परळ' हे चित्र २००१ साली रंगवले. म्हणजे शहर दोन्ही रीतींनी काढता येते. मग आमच्या पोराने माणसे का गाळली?

ते विचारायची संधी आपोआप आली. बाबांची तिथी होती. आईने सांगितले, "त्या पोराला जेवायला बोलाव. चित्र आपल्या गच्चीवर काढलंय ना?" तो आला, वडे-खीर पोटभर जेवला, आणि आईच्या पायाशी बसून त्याने दगडाची गोष्ट सांगितली. मी ग्रंथालयात तीन दिवस घालवले होते. त्याने ती दहा मिनिटांत सांगितली.

"आजी, दगड आधी घासून आरशासारखा सपाट करायचा. मग त्यावर चरबट खडूनं काढायचं, पण उलटं. डावीकडचं उजवीकडे. छापल्यावर ते सुलटं होतं."

"म्हणूनच चिमणी जागच्या जागी आहे," आई म्हणाली. तिने ते आधीच तपासले होते.

"मग डिंकाचं पाणी आणि थोडं ॲसिड फिरवायचं. दगड पाण्यानं ओला करायचा. शाईचा रूळ फिरवला की जिथं चरबट रेघ आहे तिथंच शाई चिकटते, ओला दगड शाई घेत नाही. तेल आणि पाणी, आजी. एवढंच आहे सगळं."

"आणि खडू कशाचा?"

"मेण, चरबी, साबण आणि काजळी."

आई हसली. "म्हणजे काजळच की रे! तुपाची वात लावायची, वर ताट पालथं घालायचं, धरलेली काजळी तुपात खलायची. ह्याच्या डोळ्यांत मी तेच घालत होते." 'ह्याच्या' म्हणजे माझ्या. कन्येला ही माहिती फारच आवडली.

मग मी माझा प्रश्न विचारला. त्या पोराने जरा संकोचून सांगितले, की काढताना गच्चीवर माणसेच नव्हती. समोरच्याही गच्च्या रिकाम्या होत्या, निम्म्या खोल्यांना कुलपे होती. "नसलेली माणसं कुठून काढू, सर? दोरीवर कपडे होते, ते काढले. ते तर ब्लेडनं खरवडून पांढरे केलेत."

आई उठून चित्राजवळ गेली. चिमणीवर बोट ठेवून म्हणाली, "चिमणी आहे आणि धूर नाही. म्हणजे ब्याऐंशीनंतरचं."

आता मला कबूल केले पाहिजे, की या चिमणीविषयी मी आजवर पुष्कळ बोललो आहे. व्याख्यानांत बोललो, याच सदरातही एकदा लिहिले. गिरणगावाची खूण, श्रमिकांचा ध्वजस्तंभ, असली वाक्ये मला चांगली जमतात. स्प्रिंग मिलच्या जागी दोन मनोरे उभे राहिले तेव्हाही मी असेच काहीसे हळहळलो होतो. आईने त्या चिमणीविषयी मला कधी काही सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते.

"तू ध्वज ध्वज म्हणतोस," ती म्हणाली. म्हणजे माझा लेख तिने वाचला होता! "लग्न होऊन आल्यापासून सात वर्षं मी त्या चिमणीची काजळी झटकली. कपडे वाळत घातले की तासाभरात त्यावर काळे ठिपके. वारा इकडचा असला की पांढरं वाळत घालायचंच नाही, असा आम्हा बायकांचा नेमच होता. तुझे लंगोट मी खोलीत वाळवले."

आम्ही सगळे गप्प बसलो.

"मग संप झाला. धूर थांबला. कपडे कसे स्वच्छ वाळायला लागले. पहिले दोन-तीन महिने आम्ही बायका गच्चीवर बोलायचोसुद्धा, बरं झालं बाई म्हणून. वाटायचं, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. त्या वर्षी दिवाळीला सगळ्या गच्चीवर पांढरेशुभ्र कपडे. आणि नवा कपडा एकाच्याही अंगावर नाही."

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. बाबा जवळच्याच एका गिरणीत होते. पुढचे मला ठाऊक आहे, पण ते कळत्या वयात ऐकलेले: बाबांची रखवालदारी, आईने घरातून दिलेले जेवणाचे डबे, गहाण पडलेल्या पाटल्या. ती दिवाळी मात्र मी प्रथमच ऐकत होतो. पुस्तकांतून संपाचे आकडे वाचून मी ते वर्गात सांगितले आहेत. पण धूर थांबला तो आधी धुण्याच्या दोरीवर कळला, आणि ज्यांना त्याचे बरे वाटले त्यांच्याच घरात त्याने अंधार केला, हे कुठल्या पुस्तकात मला मिळाले नव्हते.

आई पुन्हा त्या तीन कपड्यांकडे पाहत होती. "पोरानं बरोबर काढलंय," ती म्हणाली. "एवढे पांढरे कपडे आणि मागे बंद चिमणी. माणसं नाहीत तेच बरं. असती तर मी ओळखत बसले असते, ही कुणाची म्हणून."

तो मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याने हे काहीच मनात धरून काढले नव्हते, असे त्याने मला जाताना जिन्यात सांगितले. त्याला फक्त काळ्यापुढे पांढरे हवे होते. मी म्हटले, "असू दे. व्याख्यानातसुद्धा असंच होतं. आपण एक बोलतो, ऐकणाऱ्याला दुसरंच आठवतं." पण मनात मला वाटले, ते इतके सोपे नाही. त्याने माणसे नसताना माणसे घातली नाहीत, धूर नसताना धूर काढला नाही. जे होते तेच उलटे करून दगडावर ठेवले. रंगीत चित्रात संध्याकाळचे तांबूस आभाळ आले असते, आणि आम्ही "वा, किती छान!" म्हणून मोकळे झालो असतो. या चित्रात छान म्हणण्याजोगे काही नाही. म्हणून आईला तिचे ते आत भरता आले.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्याकडे आणखी एक चित्र आले होते. नव्या घरांच्या माहितीपत्रकावरचे. त्यात निळे आभाळ होते, हिरवी झाडे होती, उंच इमारत होती आणि माणसेही होती. हातात फुगा घेतलेले मूलसुद्धा होते. ते चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या; १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात माणसे गेली. आईचीही किल्ली यायची आहे, तोवर ती आमच्याकडे आहे. मी एकदा तिच्यापुढे चाळीच्या आठवणींनी गहिवरलो, तेव्हा तिने मला थांबवले होते. "अरे, संडास घरात असणार आहे. रात्री-बेरात्री बादली घेऊन गॅलरीभर चालावं लागणार नाही. मी कशाला रडू? तू रड हवं तर, तू पंचवीस वर्षांपूर्वीच बाहेर पडलास."

म्हणून मला वाटले होते, तिला या काळ्या चित्राचे काही कौतुक नसणार. ते माहितीपत्रक तिने उशाशी ठेवले आहे, आणि रोज एकदा तरी त्यातला स्वयंपाकघराचा नकाशा पाहते. ओटा पूर्वेला येतो की नाही, हा तिचा सध्याचा मोठा प्रश्न आहे.

मुलगा निघाला तेव्हा आईने त्याला आणखी एक विचारले. "त्या दगडाचं काय झालं रे? ज्याच्यावर काढलंस तो?"

"घासला, आजी. पंधरा प्रती काढल्या, तुमची सातवी. मग वाळू-पाणी घालून दगडावर दगड घासतात आणि चित्र काढून टाकतात. दगड महाग असतात, परदेशातले, जुने. त्याच दगडावर आता दुसऱ्या मुलीनं काढायला घेतलंय."

"काय काढते आहे ती?"

"मासे, आजी. भाऊच्या धक्क्याचे."

"बरं झालं," आई म्हणाली. "दगड रिकामा कशाला ठेवायचा?"

चित्र अजून भिंतीवर लागलेले नाही. पंधरवडा संपेपर्यंत खिळा मारायचा नाही, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. आणि तो संपला तर घटस्थापनेची गडबड सुरू झाली. सध्या ते बाबांच्या फोटोखाली टेकून उभे आहे. तो फोटोही काळापांढराच आहे. कन्येने दोन्हींकडे एकदा पाहिले आणि प्रिंटरची थट्टा नंतर केली नाही.

परवा दिवाळीच्या याद्या करता करता आई मला म्हणाली, "नव्या घरात भिंतींना खिळे मारून देतात की नाही रे?"

"आपले आपण मारायचे. किती लागतील?"

तिने बोटांवर मोजले. "एक देवांना. एक तुझ्या बाबांना. एक कॅलेंडरला." मग जमिनीवर टेकलेल्या त्या चित्राकडे पाहून म्हणाली, "आणि एक ह्याला. पण खिडकीजवळ नको. बाहेरून पाऊस आला तर कागद भिजेल."